तळ्यात सोडलेले एकशे आठ

नेपियर टाउन, जबलपूर
३ मार्च २०२५

ती. मुरलीधरकाकांस समिधाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. सुमेधदादाकडे नागपुरात रुळला असाल.

तळ्यातल्या माशांची मोजणी यंदा चौथ्या वर्षी संपली. कोतरी हा बोटाएवढा गावठी मासा. पहिल्या वर्षी जाळ्यात चारशे बारा आले होते, यंदा सदतीस. बाकी सगळा तिलापिया. तो इथला नाही.

एक विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वी ज्योतीकाकूच्या वर्षश्राद्धाला तुम्ही याच तळ्यात मासे सोडलेत. ते कुठून आणले होते?

लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

समिधा

नागपूर
११ मार्च

चि. समिधास अ. उ. आशीर्वाद.

चार वर्षं मासे मोजून राहिली, आता काकाला मोजतेस काय? प्रणोती सूनबाई मला बिनसाखरेचा चहा देऊन राहिली, ते कोण मोजणार?

मासळीबाजारात जन्मात पहिल्यांदा गेलो, नाक धरून. कापायला ठेवलेल्यांतून एकशे आठ जीव सोडवायचे ठरवलं होतं. आपल्याला मासे कुठे ओळखू येतात? कोणते घेऊ विचारलं, तर विकणारा म्हणाला की बाबूजी, ये वाले ले जाओ, ये मरते नहीं. तुझ्या काकूचे शेवटचे सहा महिने तू पाहिलेस. मला न मरणारेच पाहिजे होते.

पण हे काहून विचारलंस? जिवंत आहेत ना ते?

काळजी घे.

मुरलीधरकाका

जबलपूर
१९ मार्च

ती. काकांस सा. न.

जिवंत आहेत. तोच तिलापिया.

त्याची मादी अंडी तोंडात ठेवते. पिल्लं पोहू लागेपर्यंत जवळजवळ काही खात नाही. उन्हाळाभर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. कोतरी पावसाळ्यात पाणगवतावर अंडी टाकते आणि निघून जाते. तिची पिल्लं फार थोडी जगतात. आता ती अंडीही तिलापिया खातो.

मेमध्ये तळं उपसून सगळा तिलापिया काढावा, अशी शिफारस मी केली आहे. सदतीस कोतरी टाकीत ठेवल्या आहेत. अहवालात ‘मासा कुठून आला’ असा रकाना आहे. तिथे ‘अज्ञात’ लिहिता येईल, कोणी विचारणार नाही. पण काकूच्या नावाने सोडलेले मासे तुम्हाला न सांगता काढायचे नव्हते.

मी फार थकले आहे. राग आला तर तसं कळवा.

समिधा

नागपूर
२ एप्रिल

चि. समिधास आशीर्वाद.

चार दिवस उत्तर लिहून फाडत होतो. राग आला होता, तुझ्यावरच. दुसरं कोण होतं?

‘अज्ञात’ लिहू नको. माझं नाव लिही. काकूचं नको, तिला यातलं काही माहीत नव्हतं. उपसायच्या दिवशी मी येणार. सुमेध नाही म्हणून राहिला, म्हणू दे.

काका

जबलपूर
१० एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

अहवाल दिला. त्या रकान्यात दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं. मासे सोडले त्या दिवशी बादली मी धरली होती. मासे ओळखणं माझं काम, आणि मी बादलीत पाहिलंच नाही. पायरी निसरडी होती. मी तुमच्या पायांकडे पाहत होते.

उपसा १९ मेला, सकाळी साडेसहाला. चिखल गुडघ्यापर्यंत असेल. तुमच्या पायाचं माप कळवा, बूट मी आणून ठेवते.

तुमची
समिधा