सुगत पलटणीत जाण्याआधी केलेली व्यवस्था

हे लिहायला मला आजाराने भाग पाडलेले नाही. माझा नातू सुगत अमेरिकेच्या पायदळात भरती होणार म्हणतो, म्हणून लिहिते आहे.

मी, कांता भीमराव तायडे, वय त्र्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, मुक्काम मुलीकडे, सीब, ओमान. रक्तदाब आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणीही माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. तशी कोणाची हिंमतही नाही.

१. बँकेतली ठेव आणि दागिने मुलगी तृप्ती हिला. ती मला सांभाळते आणि रोज माझ्याशी भांडते. दोन्हीबद्दल.

२. मुलगा प्रेमानंद, न्यू जर्सी, याला काही नाही. पोराच्या भरतीची बातमी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली, शेवटी हात जोडल्याचे चित्र. पैसा त्याच्याकडे आहे. आईला फोन करण्याचा धीर नाही, आणि तो मृत्युपत्राने देता येत नाही.

३. माझे वडील महायुद्धात महार पलटणीत होते. बंदूक धरली की माणसात गणतील, ही त्यांची समजूत. रजेवर गावी आले तेव्हा गणवेशातच विहिरीपासून लांब उभे राहिले, कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. त्यांची पदके तृप्तीकडे राहतील. सुगतला दाखवावीत, देऊ नयेत.

४. काचेत जपलेली सुकी डहाळी माझी नाही. आधी आम्ही मस्कतच्या रुवी भागात राहायचो, तिथली माझी शेजारीण नोरा, अमेरिकेची, वंशाने आयरिश, तिने ओमान सोडून जाताना दिली. तिचा एक पूर्वज उपासमारीमुळे आयर्लंड सोडून न्यूयॉर्कला उतरला. आयरिश माणसाला कामावर घ्यायला लोक नाखूश. फौज मात्र घ्यायची. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो आयरिश पलटणीत गेला. फ्रेडरिक्सबर्गला डोंगरउतारावरच्या दगडी भिंतीवर चाल करायची होती. हिरवा हा आयरिशांचा रंग; पलटणींचे बहुतेक हिरवे झेंडे फाटले म्हणून बदलायला परत पाठवलेले, म्हणून शिपायांनी टोपीत हिरवी डहाळी खोचली. भिंतीसमोर पडलेल्या प्रेतांत आयरिश कोण, ते त्या डहाळ्यांवरून कळले. नोराचा पूर्वज त्यांतच सापडला. भिंतीआडून गोळ्या झाडणाऱ्यांतही आयरिश होते, असे तिच्या घरी सांगत. ही डहाळी नोराने त्याच उतारावरून आणलेली. तृप्तीने ती नोराच्या मुलीकडे पाठवावी.

सुगत भेटायला आला तेव्हा हे सारे त्याला सांगितले, त्याने थांबावे म्हणून.

“मग शेवटी ते अमेरिकन झाले ना, आजी?”

“जे उरले ते झाले.”

“बघ. म्हणजे वर्क झालं.”

“तुझ्या पणजोबांना दुसरं काही कोणी देत नव्हतं रे. तुला कोण अडवतंय?”

“अडवत नाहीत. विचारतात. दुकानात, एअरपोर्टवर, कॉलेजात. तू मूळचा कुठला? ग्रीन कार्डवाल्याला आर्मीत सिटिझनशिप लवकर मिळते. मला एक सॉलिड उत्तर पाहिजे.”

मी त्याला जेवायला वाढले.

५. पिंपरीचा फ्लॅट. आधी लिहिले होते: सुगत भरती झाल्यास त्याचा हक्क संपेल. तृप्तीने वाचले. म्हणाली, “आई, हे मृत्युपत्र आहे, शाळेतली छडी नाही.” मी दोन दिवस तिच्याशी भांडले. मग ते वाक्य खोडले. खोडल्या जागी सही आहे. फ्लॅट सुगतला, बिनशर्त. एक दार तरी असे असावे, जिथे आपण कुठले हे सिद्ध करायला गोळी खावी लागत नाही.

तो माझ्याआधी गेल्यास फ्लॅट तृप्तीला. हे वाक्य वकिलाने घालायलाच लावले. बाकी प्रत्येक वाक्य एका दमात लिहून झाले. हे नाही.

६. व्यवस्था तृप्तीने पाहावी. माझ्या मागे भाषणे नकोत. बुद्धवंदना म्हणावी आणि लोकांना वेळेवर जेवू घालावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

कांता भीमराव तायडे

आम्हा दोघांसमोर सही झाली:
डॉ. शुभदा आपटे, रुवी
कासम मुकादम, सीब

सीब, ओमान. १४ जानेवारी २०२६

दिल्याची नोंद: सुगत विमानतळावर निघण्याआधी पिंपरीच्या फ्लॅटची किल्ली त्याच्या हाती दिली. पोच त्यानेच खाली लिहिली आहे.

मिळाली. तरी मी आर्मीत साइन अप करणार, आजी.
सुगत प्रेमानंद तायडे