पिंपातली वात

मानपाडा, डोंबिवली पूर्व
पाडव्यानंतरचा मंगळवार

प्रिय जयेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावोजींची साखर ताब्यात आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन हाताशी असताना ही बाई वहीचे कागद कशाला काळे करत बसली, असं गोदाला वाटेल. तिला सांग, तुझा नवरा फोनवर मला बोलूच देत नाही. पालखीचा विषय काढला की "ताई, जेवलीस का?" म्हणून मोकळा होतो. कागदावर तुला तसं अडवता येणार नाही. तीस वर्षं शाळेत पोरांकडून पत्रलेखन करून घेतलं आणि आज सख्ख्या धाकट्या भावाला लिहायची वेळ आली, तर तीन कागद फाडून झाले आहेत. हा चौथा.

परवा भावेशचा फोन आला होता. चंदूदादाचा भावेश, आपल्या कोलशेतच्या पालखी समितीत यंदा तोच पुढे आहे. म्हणाला, "आत्या, चैत्री पौर्णिमेला जयेशकाकांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, एकदम फुल रिस्पेक्ट. तुम्ही फक्त चार ओळी पाठवा ना, काकांना हा फटाक्यांचा नाद लागला कसा. स्मरणिकेत टाकतो." मी विचारलं, यंदा दारूकाम कोण करतंय? तर म्हणे बाहेरची कंपनी येणार, सगळं रिमोटवर. आणि जयेश? "काका स्टेजवर बसणार ना, आत्या." मला ते स्टेज अजिबात आवडलं नाही. सव्वीस वर्षं जो माणूस पालखीच्या दिवशी स्टेजकडे पाठ करून, धुराने तोंड काळं करून घेत बंदरावर उभा राहिला, त्याला शाल गुंडाळून खुर्चीत बसवणार. आणि तू हो म्हणालास म्हणे. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

तरी चार ओळी लिहायला बसले. माणसाला हा नाद लागतो कसा, हे कोडं मला कधी सुटलेलं नाही. तुझ्यासारखाच फटाक्यांचा नाद असलेला तुझा तो दाताचा डॉक्टर मित्र विनीत एकदा आमच्याकडे चहाला आला होता, तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, की लहानपणी मामाच्या खुर्चीखाली आपटीबार आपटला आणि मामा चहासकट उडाला, त्या दिवसापासून आपण या वाटेला लागलो. तुझ्याबद्दल गावात सांगतात, आबांनी जयेशला खांद्यावर बसवून पालखीचे बाण दाखवले आणि पोरगं तिथेच वेडं झालं. आबांना ही गोष्ट फार आवडायची, म्हणून तू कधी खोडून काढली नाहीस. पण मी शेजारीच उभी होते. तू डोळे घट्ट मिटून गळा काढला होतास आणि आबांचा नवा सदरा भिजवला होतास.

खरं काय झालं ते मला ठाऊक आहे. तुला आठवतं का, बघ. तू सहा वर्षांचा, मी तेरा. दिवाळीच्या पहाटे आळीतली पोरं सुतळी बॉम्ब लावायला लागली की तू घरात पळायचास आणि कानात बोटं घालून तांदळाच्या पिंपामागे बसायचास. खाडीच्या वाऱ्याने आपल्याकडे मीठ, पापड, सुकट, सगळंच सादळायचं. म्हणून आई फटाके वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळात पुरून ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणायची. तिथे बसल्या बसल्या कंटाळून तू पिंपात हात घातलास आणि फुलबाज्यांचा डबा वर काढलास. "अरं पोरा, कं करतंस त्या तांदलान?" म्हणून आई ओरडली, पण तिने तो डबा तुझ्या हातात राहू दिला. मग मी तुला ओट्यावर नेलं. आदल्या रात्री ओट्यावरच राहून गेलेली एक फुलबाजी होती, ती काही केल्या पेटेना. मी ती फेकून दिली. तू ती उचलून आणलीस आणि विचारलंस, "ही का नाय पेटली?"

दिवसभर तेच. जेवताना तेच, झोपताना तेच. मी वैतागून म्हटलं, ओल धरली असेल. झालं, तू ती तांदळात नेऊन पुरलीस आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रोज सकाळी उकरून बघत होतास. तुळशीच्या लग्नाला मी तुझा हात धरला, पणतीवर तिचं टोक टेकवलं, आणि ती पेटली. एक हात अजून कानावर होता तुझा, पण डोळे एवढे मोठे झाले होते. जयेश, मी दोन मुलं वाढवली, शेकडो शिकवली, पण "का" विचारून त्याचं उत्तर मिळालेल्या पोराचा तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. तर तुला नाद लावला तो त्या न पेटलेल्या फुलबाजीने, असं माझं मत आहे. आता हे चार ओळींत कसं बसवायचं, तूच सांग.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टेलिफोन खात्यात लागलास, सुट्ट्या मात्र पालखीसाठी साठवत राहिलास. लोक आवाजामागे आणि तू बिनआवाजी उजेडामागे. परवाने, पोलिसांची परवानगी, वाळूच्या बादल्या, सगळं तुझं आधी तयार. आणि ते कमळ! बांबूची चौकट, तिच्यावर आठ पाकळ्या, आणि एकीकडून दुसरीकडे फिरवलेली एकच लांब वात. पालखी वळणावर दिसली की तू उदबत्ती टेकवायचास. पालखी एकेक पाऊल पुढे यायची, तशी एकेक पाकळी उजळत जायची, आणि देवी बंदरावर टेकली की मधला गाभा. भोयांची चाल आणि वातीची चाल तू कशी जुळवायचास ते देवीलाच ठाऊक. आई शेवटच्या वर्षी खुर्चीत बसून बघत होती आणि शेजारणीला सांगत होती, "माझ्या तांदलानचा पोर हाय तो." तिला हसणाऱ्या बायका मला अजून आठवतात.

इथली खबर म्हणजे वर्षाचा तांदूळ आला. आमच्याकडे अजून जुनी रीत आहे. सासूबाईंनी लावून दिलेली. हौसाबाई म्हणजे देशावरचं खटल्याचं घर, वर्षाचं धान्य भरल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. कोळ्यांची सून घरात आली म्हणून पहिलं वर्षभर त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग एका पाडव्याला त्यांनी मला समोर बसवलं आणि तांदळाला एरंडेल चोळायला शिकवलं. हलक्या हाताने, दाण्यादाण्याला लागेल असं, म्हणजे वर्षभर किडा शिवत नाही. त्या दिवसापासून आमचं जमलं. आपल्या आईला हे माहीतच नव्हतं. मासळी विकून यायची तेव्हा आठवड्यापुरता तांदूळ आणायची, त्याला किडा लागायला वेळ कुठे होता! सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण मी एकही पाडवा चुकवला नाही. गेल्या वर्षीही नाही.

आता गेल्या वर्षाचं. तू म्हणशील, ताई, नको. पण वाच. वळणावर पालखी दिसली, तू उदबत्ती टेकवलीस. एक पाकळी, दोन, तीन, आणि वात विझली. भोई थांबले. बँड थांबला. तू पुढे जाऊन वाकून बघू लागलास, तशी मी गर्दीतून तुझ्यामागे आले. शेवटी पालखी अंधारातच बंदरावर टेकली आणि तशीच देवळात गेली. आत आरती सुरू झाल्यावर आतल्या आत धुमसणाऱ्या त्या वातीने पुन्हा पेट घेतला आणि उरलेल्या पाच पाकळ्या, गाभा, सगळं एकदम पेटलं. बघायला बंदरावर आपण दोघंच. तुझी भुवई करपली होती. तू म्हणालास, "ताई, हात गेला माझा. वय झालं." मी तुझी भुवई पुसत राहिले.

त्यानंतर तू चौकट मोडून गच्चीवर टाकलीस. गोदा सांगते, बाळकुमला समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये हळदीला आतषबाजी झाली तरी तू खिडकीशी येत नाहीस, टीव्हीचा आवाज वाढवतोस. खरं सांगू? पहिले काही महिने मला बरंच वाटलं. सव्वीस वर्षं दर चैत्रात माझा जीव टांगणीला असायचा, तो सुटला. भाऊ घरात सुखरूप बसला आहे, आणखी काय पाहिजे, असं मी मनाला सांगितलं. पण तू घरात बसून नुसता वाळत चालला आहेस. गोदाही म्हणते, मलाही दिसतं.

आणि एक गोष्ट मला खात राहिली. सहा वर्षांचा असताना एका फुलबाजीसाठी तू बारा दिवस "का" विचारत माझ्या मागे होतास. गेल्या वर्षी एकदाही विचारलं नाहीस. बाण तपासलेस, पाकळ्या तपासल्यास, स्वतःचे डोळे तपासून आलास, पण वात का विझली हे मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर, देवीची शपथ, दिवाळीनंतर मी सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस कारण ती वात ताईकडून आली होती, आणि ताईच्या हातून चूक होते हे तुझ्या डोक्यातच येत नाही.

गेल्या फाल्गुनात तुझं घर बिल्डिंगसाठी पाडलं, बाळकुमच्या भाड्याच्या जागेत भिंतीला ओल होती, म्हणून पाडवा होताच तू वात माझ्याकडे घेऊन आलास. "ताई, आईसारखी तांदळात ठेव." प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणली होतीस. तशीच ठेवली असती तरी निभावलं असतं. पण मला आईसारखी ठेवायची होती ना! पिशवी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिंपात खोल पुरली, त्याच आठवड्यात एरंडेल चोळून भरलेल्या तांदळात. पालखीच्या सकाळी तू घेऊन गेलास तोवर कागदातून तिने किती तेल ओढलं असेल! दिवाळीत पिंपाच्या तळाशी त्या वातीचा तुटून राहिलेला वीतभर तुकडा सापडला. बोटाला तेल लागलं. गॅलरीत नेऊन पणतीला लावला, तर थोडा जळला, विझला, आणि मी आत वळले तेव्हा मागे पुन्हा पेटला. तुझा हात गेला नव्हता, जयेश. चूक माझ्या पिंपात झाली होती. दिवाळीपासून आजपर्यंत पाच महिने मी हे गिळून बसले. आधी लाज वाटली म्हणून, आणि मग तू सुखरूप घरात होतास म्हणून. मला माफ कर.

भावेशला मी काल फोन करून हे सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "आत्या, काका हो म्हणाले तर कमळाची जागा मी मोकळी ठेवतो, कंपनीला सांगतो थांबा जरा." तेव्हा आता उत्तर तुझ्याकडे आहे. अजून बारा दिवस आहेत. ओली फुलबाजी वाळायला तेवढेच लागले होते. मी नवीन पिंप आणलंय, त्यात दहा किलो कोरडा तांदूळ भरलाय, तेलाचा थेंब नाही. वात घेऊन ये. किडे लागले तर लागू देत, मी निवडून खाईन.

वाट बघणारी, तुझीच
ताई