सासूबाईंचं चंदन आणि रायफलीचा बोल्ट

अण्णा नगर, चेन्नई

तीर्थरूप राणोजीमामांस,

अवनीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघ्यांची चौकशी आधी करून घेते, कारण पुढे विसरेन. कसे आहेत? मामींचा कांदा-लसूण मसाला पोचला. सासरची माणसं त्याच्याकडे लांबूनच बघतात. (फोनवर तुम्ही नुसतं "हॅलो, हॅलो" ओरडता, म्हणून हा पत्रप्रपंच. फौजेत आयुष्यभर बंदुका दुरुस्त करणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.)

माझ्या आजेसासऱ्यांना त्यांच्या पलटणीतल्या साहेबाने दिलेली महायुद्धातली रायफल आमच्या घरी आहे. परवाना सासऱ्यांच्या, म्हणजे गुरुराजरावांच्या नावावर. तंजावरकर मराठ्यांच्या या घरात तेवढंच एक हत्यार उरलंय, त्यामुळे त्यांचा तिच्यावर फार जीव. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आजवर तिथले लोक वरवर बघून पावती देत. यंदा नवीन इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, बोल्ट मागे ओढून आत गोळी नाही हे दाखवा. बोल्ट जागचा हलेना. शुक्रवारपर्यंत उघडून आणा, नाहीतर परवाना रद्द करायला वर लिहीन, असं बाईंनी सांगितलं. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत.

बोल्ट अडकण्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलायची छाती कुणाची नव्हती. आपण खंडेनवमीला हत्यारावर फूल वाहतो आणि जेवायला बसतो. इथल्या आयुधपूजेत मिक्सरपासून नवऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. माझ्या सासूबाई (कनकाबाई, स्वभावाने खरोखर सोनं) लग्न होऊन आल्यापासून दर नवमीला रायफलीला तिळाचं तेल, चंदन आणि कुंकू लावतात, आणि जिथे फट दिसेल तिथे बोटाने आत सारतात. आत चक्क गिलावा झाला होता.

मग घरगुती उपाय सुरू झाले. नवऱ्याने हेअर ड्रायर लावला. सासऱ्यांनी वरवंट्याने ठोकलं. गिंडीच्या कारखान्यातला माझा सहकारी अनिकेत रबरी हातोडा घेऊन आला आणि अंगठा सुजवून परत गेला. तुमचं वाक्य आठवून (हत्यार कायम भरलेलंच समजावं) मी एवढाच हट्ट धरला की काय ते गच्चीवर करा आणि नळी वाळूच्या पोत्यांकडे ठेवा. त्यावर घरभर हसू. सांगलीची सून भित्री निघाली! आत काही नाही हे मला पटावं म्हणून सासऱ्यांनी चापसुद्धा ओढून दाखवला. मी कानात बोटं घातली, तेव्हा तर जास्तच हसले.

शेवटी सरकारी परवाना असलेल्या बंदूकवाल्या शेषाद्रींकडे गेलो. रायफलीवरचं कुंकू बघून त्यांनी आधी चपला काढल्या, हात जोडले आणि मग ती औषधात भिजत घातली. गुरुवारी बोल्ट सुटला. आधी चंदनाची वडी निघाली, मग तेलाची खरवड, आणि मग टणकन एक जिवंत काडतूस टेबलावर पडलं. आजेसासऱ्यांच्या काळचं! काडतुसावर आपटणारी आतली पिनसुद्धा चंदनात रुतून बसली होती, म्हणून चाप ओढूनही काही झालं नाही, असं शेषाद्री म्हणाले.

 सासऱ्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मामा, मला तिथेच रडू फुटलं. दर नवमीला पोरंबाळं त्याच नळीपुढे डोकं टेकवत होती हो.

शुक्रवारी रायफल जमा झाली, पावती मिळाली. परवाना शाबूत आहे. मामींना नमस्कार, छोट्या देविकाला गालगुच्चा.

आपली,
अवनी

ता. क. – सासूबाईंना हे सगळं भीत भीत सांगितलं. वाटलं, बिचाऱ्या हबकतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "अय्यो, मग चंदन नसतं तर?"   आता हेच त्या कॉलनीभर सांगत सुटल्या आहेत.

ता. क. २ – पत्राचं खरं कारण आता लिहिते. निवडणुकीनंतर रायफल घरी येईल आणि यंदा चंदन दुप्पट घालायचं ठरलं आहे. सुनेचं त्या ऐकायच्या नाहीत, पण फौजेवर त्यांची भारी श्रद्धा. तेव्हा तुमच्या हुद्द्यानिशी एक कडक पत्र लिहा, की पूजा फक्त लाकडी दस्त्याची करावी. जमल्यास आजच टाका. सकाळी त्या चंदनाची वाटी घेऊन माझ्या स्कूटरच्या ब्रेकपाशी बसल्या होत्या.