महालक्ष्म्यांची बाळं कोणापुढे

मी, श्रीमती शामला मार्तंड मोहरील, वय ७३, धंदा सेवानिवृत्त, राहणार हनुमाननगर, नागपूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू शकेल अशी एकच बाई होती, माझी थोरली जाऊ यमुताई, आणि ती गेल्या माघात गेली.

कलम १. घराचा वरचा मजला माझ्या नावे आहे. तो माझा मुलगा श्रीधर यास मिळावा. खालचा यमुताईचा होता, तो तिच्या मुलांचा. श्रीधर वरच्या मजल्यावर फक्त झोपायला यायचा, तेव्हा जिना त्याला नव्याने दाखवावा लागेल.

कलम २. बँकेतील ठेवी नात भैरवी हिच्या शिक्षणासाठी. ही माझ्या नोकरीची कमाई आहे. मी रोज बसने खापरखेड्याला जात असे आणि श्रीधर खाली यमुताईपाशी राही. तिला स्वतःची दोन मुले होतीच. तिची मुले मला काकू म्हणत, म्हणून श्रीधरही मला काकूच म्हणू लागला आणि तिला आई. सगळे हसले, मीही हसले. पुढे ते तसेच राहिले. भैरवीची आजी यमुताई, आणि मी काकूआजी.

संध्याकाळी मी हात पुढे केले की यमुताई म्हणायची, "थकून आली वं तू, बस. लेकरू माह्यापाशी राहू दे." माहेर खाप्याचे, बोलणे गोड. चांगले वागून वागून तिने मला भांडायलाही जागा ठेवली नाही. याचा मला आजही राग आहे.

कलम ३. तिचा पितळी गंज, म्हणजे भाताचे पातेले, माझ्याकडे आहे, तो तिचा मुलगा विहंग याला परत द्यावा. त्यात मी गोळाभात करून पाहिला. बेसनाचे गोळे भातातच फुटले. भैरवी काही न बोलता जेवली. बोलली असती तर बरे वाटले असते.

कलम ४. माझ्या निधनाच्या बातमीत "श्रीधरची आई" असे स्पष्ट छापावे. तिच्या बातमीत "तीन मुलांची माता, नातवंडांची प्रेमळ आजी" असे होते. त्यातला तिसरा माझा. तिला नेताना तो "आई, आई" करून रडला. मी शेजारीच उभी होते.

कलम ५. महालक्ष्म्यांचे मुखवटे. ज्येष्ठा-कनिष्ठा बहिणी, त्यांची दोन घरे करीत नाहीत, म्हणून दोघी कायम खालीच उभ्या राहिल्या. ज्येष्ठेला यमुताई साडी नेसवी, कनिष्ठेला मी. पुढ्यात मांडायची दोन बाळे, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रत्येकीपुढे एकेक असायला हवीत. यमुताई दोन्ही ज्येष्ठेपुढे मांडायची. मी बघितले की हसून तेच वाक्य, थकून आली वं तू, बस.

यंदा मुखवटे वर माझ्या घरी आले. मी दोघींना नेसवले आणि दोन्ही बाळे कनिष्ठेपुढे ठेवली. एवढ्या वर्षांनी डोळे निवले. भैरवी आरतीला आली, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काकूआजी, एक तिकडे ठेव नं. मोठी एकटी वाटून राहिली."

मी ठेवले नाही. विसर्जनापर्यंत बाळे तशीच होती. पण त्यानंतर मी ज्येष्ठेकडे धड बघू शकले नाही.

तरी मुखवटे भैरवीला द्यावेत, आणि माझ्यामागे मांडणी अशी करावी: मुलगा ज्येष्ठेपुढे. मुलगी माझ्यापुढे, म्हणजे कनिष्ठेपुढे. यात कोणी बदल करू नये.

पहिली चार कलमे मी राजीखुशीने लिहिली आहेत. पाचवे राजीखुशीने लिहिलेले नाही. पूर्ण शुद्धीत मात्र लिहिले आहे.

ठिकाण: नागपूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: शामला मार्तंड मोहरील
(श्रीधरची आई)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली:
१. ऋषिकेश वैरागडे, शेजारी
२. डॉ. नूपुर पांढरीपांडे