पिशवीच नाही, तर तपासणी कसली?

पालघर, ६ जुलै २०२५

ती. नलूताईस,

सा. न. वि. वि., वामनभावोजींना वेगळा नमस्कार.

पत्र पाहून हसशील. पण तुझा लेक दर्पण फोन स्पीकरवर लावतो आणि सगळी आळी ऐकते, मग बायकांच्या गोष्टी बोलायच्या कशा? पुढच्या रविवारी बोईसरला गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आहे, फुकट. मी मागच्या महिन्यात इथे करून घेतली. लाज वाटली, पण पाच मिनिटांत मोकळी झाले. उन्नतीला घेऊन तू जा. सून पुढे आणि सासू मागे, असं नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेमांगी

घिवली, ११ जुलै

चि. हेमांगीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. उन्नतीला पाठवते, पण मला कशाला? आठ वर्षांपूर्वी गाठींपायी बोईसरच्या दवाखान्यात माझी पिशवी काढली, विसरलीस? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्हा पालघरवाल्यांना तपासणीचं वेडच लागलंय.

उलट पिशवी गेल्यापासून माझा मान वाढला. पाळीची अडचण नाही म्हणून सासूबाईंनी नारळी पौर्णिमेची बोटीची पूजा कायमची माझ्याकडे दिली. यंदा बोट नव्याने रंगवली आहे, ये बघायला.

एक सांगते, पोटात ठेव. होळीपासून मधूनमधून लाल डाग दिसतो. मासळीच्या पाट्या उचलून उष्णता झाली असेल. पण घरात कळलं तर विटाळ म्हणतील आणि पूजा दुसरीच्या हाती जाईल. पौर्णिमा झाली की सब्जा घेईन.

मुलांना पापा. ताईची आठवण काढत जा.

तुझी,
नलू

पालघर, १५ जुलै

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिशवी नाही म्हणतेस, मग रक्त येतं कुठून, हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही?

पत्र घेऊन तशीच इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, काही ऑपरेशनांत वरची पिशवी काढतात आणि तिचं तोंड आत तसंच ठेवतात. तसं असेल तर त्या बाईची तपासणी इतरांसारखीच चालू ठेवायची असते. आणि पिशवी काढल्यावर डाग दिसला, तर तोंड असो नसो, लगेच दाखवायचं. मला हे ठाऊक नव्हतं, तुलाही कुणी सांगितलं नाही. सब्जा नको घेऊस, ताई. मी रविवारी येते. आली नाहीस तर भावोजींना सांगेन, मग माझ्यावर रागाव.

तुझ्या रागालाही तयार असलेली,
हेमांगी

घिवली, २२ ऑगस्ट

चि. हेमांगीस आशीर्वाद.

तू धावत आलीस आणि मी देवाची शपथ घालून तुझं तोंड बंद केलं, पौर्णिमा झाली की जाते म्हणून परत पाठवलं. पूजा केली. हातात नारळ होता आणि तेव्हाही डाग होता. दुसऱ्या दिवशी उन्नतीला घेऊन बोईसरला गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि म्हणाल्या की तोंड जागेवर आहे. मी म्हटलं, माझं तर सगळं काढलंय. त्यांनी परत पाहिलं. मग तुकडा तपासायला पाठवला. काल निकाल आला. हेमा, कर्करोग आहे.

आठ वर्षं मी स्वतःला मोकळी समजत होते. तोंड ठेवलं त्यात वाईट नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण मला सांगायला नको होतं का? बाई म्हणाल्या की अजून तोंडापुरताच दिसतो, पुढच्या तपासण्या मुंबईला होतील, उपचाराने बरा होण्याची आशा आहे. तुम्ही होळीलाच आला असता तर, असं काहीतरी बोलायला लागल्या आणि थांबल्या.

यांना सगळं सांगितलं, डागाचंसुद्धा. मला वाटलं पूजेवरून चिडतील. ते एवढंच म्हणाले, "बोटीचं काय घेऊन बसलीस? तुला काय झालं तर मी कोनासाठी जाऊ दर्यावर?" लग्नाला तीस वर्षं झाली, हा माणूस असं कधी बोलला नव्हता. भीती वाटते गं. सोमवारी मुंबईला जायचंय, तू बरोबर ये.

आज सकाळी शेजारची साखरबाई भेटायला आली. माझ्या पाठोपाठ त्याच दवाखान्यात तिचीही पिशवी काढली होती. तपासणीला तीही गेली नाही, मीच हसून तिला सांगितलं होतं की आपल्याला काय गरज. सगळं तिने ऐकलं. मग ओटीपोटावर हात ठेवून विचारलं, "माजं काय काय ठेवलं असल गो?" बुधवारी उन्नती तिला घेऊन जाणार आहे. पिशवी काढलेल्या बायकांची आळीत आणखी सहा घरं आहेत, तिकडे मी आताच निघाले आहे.

तुझी वाट पाहणारी,
नलू