फिलूच्या हातचं कम्युनियन

प्रिय माय,

तू गेल्याला वर्ष झालं, काल चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्सेची प्रार्थना झाली आणि आज सकाळपासून मी तुझ्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण मग चिडू कुणावर? तुझ्या लेकावर, सिल्वूवर चिडून झालं, त्याच्या बायकोवर, जसिंतावर झालं. फिलूवर तर काल मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर आवाज चढवला, हातात तळलेल्या, गोडसर फुग्यांचं ताट असताना! आता तूच उरलीस. म्हणून कोपरच्या या घरात, कुकर बंद करून, तुला लिहायला बसले.

तू आमच्याशी खोटं कधी बोलली नाहीस, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आणि तूच असं करावंस?

आधी तुझ्या देवळाची खबर देते. तू चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणालीस, मी पण आज तेच म्हणते. आल्ताराच्या वेदीभोवतीचा तो सागवानी कठडा आठवतो ना? ज्याच्यापुढे ओळीने गुडघे टेकून आपण कम्युनियन घ्यायचो? तो काढला. मे महिन्यात काढला, निम्मं गाव सुट्टीवर असताना. मी रविवारी आले तर समोर नुसती गुळगुळीत टाइल्सची जमीन! नव्या फादरना विचारलं तर म्हणाले, "आंटी, मधे अडथळा नको. देव आणि माणसं एकत्र यायला हवीत." मी म्हटलं, फादर, इतकी वर्षं आम्ही तिथे काय कबड्डी खेळत होतो का? ते हसले. हसून विषय बदलतात ते, ही त्यांची जुनी सवय.

आणि लाकूड गेलं कुठे? इतकं जड सागवान हवेत विरत नाही. सिल्वूला विचारलं तर म्हणाला, "ताई, तू काय सीआयडीत आहेस?" त्याने असं उत्तर दिल्यावर माझी खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

कन्फेशनचा डबा पण गेला, माय. आता काचेचं दार लावलेली खोली आहे, समोरासमोर दोन खुर्च्या. मी माझी पापं माणसाच्या डोळ्यांत बघून सांगू? आल्ताराच्या मागच्या बाजूला पडदा लावलाय, त्यावर गाण्यांचे शब्द येतात, कधी कधी मागच्या रविवारचेच येतात. बासरीवाला, गिटारवाला, टाळ्या. डोक्यावर पदर घेणारी मी एकटी. परवा एक मुलगी मला विचारते, "आंटी, थंडी वाजते का?"

हे सगळं एकदम झालं असतं तर गाव पेटून उठलं असतं. म्हणून हळूहळू केलं. एक गोष्ट काढायची, लोक गप्प बसले की दुसरी काढायची. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, म्हणून मला दिसलं. बाकीच्यांना वाटतं, रेजिनाचं वय झालं.

पण हे बघायला तूच शिकवलंस ना? माझ्या पहिल्या कम्युनियनला, पांढऱ्या झग्यात, मी ती ओस्ती, देवाचं शरीर म्हणून फादर जिभेवर ठेवतात ती पातळ चकती, चावली होती. नुसती दाताखाली आली आणि कुडुम वाजलं. तू मागच्या बाकावरून ते कसं ऐकलंस देव जाणे! बाहेर आल्यावर, आंब्याखाली, सगळ्या पाहुण्यांदेखत मला थोबाडीत दिलीस. "देवाला चावतस?" एवढंच बोललीस. त्यानंतर आजतागायत माझा दात लागलेला नाही. ओस्ती जिभेवर विरघळू द्यायची, ओठांवर हात ठेवायचा, घरी पोचेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. जे दातालाही लावायचं नाही, ते तळहातावर घेऊन चण्यासारखं तोंडात टाकायचं? कोरोनात हातावर द्यायला लागले तेव्हा मी समजून घेतलं. पण कोरोना गेला, हात मात्र तसेच पुढे राहिले!

तुला लॅटिन मिस्सा आठवायची. फादर आपल्याकडे पाठ करायचे, असं मी एकदा बोलले तर तू रागावलीस. "पाठ नाय गो. सगल्यांचा तोंड एकाच बाजूला. देवाच्या बाजूला." अर्थ कळायचा का, असं विचारल्यावर म्हणालीस, "मना नाय कळं. त्याला कळं ना!" तुझं ते बोलणं मी नव्या फादरना ऐकवलं होतं. तेव्हाही ते हसलेच.

आता फिलूचं. आपल्या शेजारची, मासे साफ करता करता जिचं आयुष्य गेलं ती फिलोमिना. ती बिशप हाऊसला जाऊन कसलासा कोर्स करून आली आणि कम्युनियन वाटणारी झाली. फादर एका बाजूला, फिलू दुसऱ्या बाजूला. माणूस म्हणून फिलू सोन्यासारखी आहे, मी कधी नाही म्हटलं नाही. पण ज्या हातांना अभिषेक झाला त्यांनीच ते धरावं, हे तुझंच वाक्य. म्हणून मी दर रविवारी माझी रांग सोडून, खांबामागून वळसा घालून, फादरच्या रांगेत जाते. सगळ्यांना माहीत आहे. फिलूलाही.

काल काय झालं, तर फादरांचा पाय प्लॅस्टरमध्ये. मिस्सा त्यांनी खुर्चीत बसून केली आणि कम्युनियन द्यायला फिलू एकटी उभी राहिली. तुझ्या वर्षाची मिस्सा, माय! सिल्वू उठून तिच्या रांगेत गेला, जसिंता गेली, माझी मुलगी शर्ली गेली, मुलुंडचे मामा काठी टेकत गेले. मी बाकावरून उठले नाही. तुझ्या नावाच्या मिस्सेला तुझ्या मुलीने कम्युनियन घेतलं नाही. माझ्या बाजूचा अख्खा बाक रिकामा झाला आणि मी एकटी बसून समोरच्या टाइल्स बघत राहिले. रडू आलं, पण उठले नाही. मला वाटत होतं, हे मी तुझ्यासाठीच करतेय. तू वरून बघशील आणि म्हणशील, माझी रेजू तेवढी राहिली.

नंतर हॉलमध्ये चहा. फिलू फुग्यांचं ताट घेऊन माझ्यापाशी आली, ताट माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "रेजू, तुझी माय माझ्या हातशी घेई."

मला आधी वाटलं, फुगे म्हणतेय.

"कम्युनियन गो. आजारी होती तवा. पयल्या शुक्रवारी जाव मी."

मी ओरडलेच. खोटं बोलू नकोस म्हणाले, गेलेल्या बाईचं नाव घेऊन खोटं बोलू नकोस. अख्खा हॉल थांबला. फादर खुर्चीतून बघायला लागले आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हे त्यांनीच शिकवून पाठवलंय. मी त्यांच्या रांगेत येते हे त्यांना टोचतं, म्हणून आता मेलेल्या माणसाची साक्ष काढताहेत.

मी फिलूला बाजूला, भांडी धुतात तिथे नेलं. म्हटलं, सांग, काय करायची ती? कशी घ्यायची? बघू तुला काय माहीत आहे ते.

तिने सांगितलं. पहिल्या खेपेला ती आली, ओस्तीची डबी काढली, मेणबत्ती लावली, तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. ती प्रार्थना करून तशीच परत गेली. दुसऱ्या खेपेला तू विचारलंस, "फादर का नाय आला?" ती म्हणाली, "फादर एकटा हाय गो माय. त्या टॉवरांमदी पन आपली मान्सा रेतात, सगल्यांकरं जावा लागतं." तेव्हाही तू घेतलं नाहीस. मग एकदा तू म्हणालीस, "हात दाखव." तिने दाखवले. तू ते नाकापाशी नेऊन वास घेतलास! पुन्हा धुवायला पाठवलंस, लिंबू लावून. आणि मग तोंड उघडलंस.

तरी माझा विश्वास बसेना. हे कुणीही रचून सांगेल. तुझा कडक स्वभाव गावात कुणाला माहीत नाही? मी विचारलं, "आणि मग?"

"मंग काय? ओठावर हात ठेवून पडून राली. मी पानी द्याला गेली, त तिना गिलास असा ढकलला का पानी माझ्या साडीवर."

माय, ओस्तीनंतर पाणी नाही, हे आपल्या दोघींतलं. ते पाणी कुणाला रचता येणार नाही.

म्हणजे खरंच घ्यायचीस! आणि दर रविवारी मी येऊन तुझ्या उशाशी बसायचे, तुझे पाय चेपायचे आणि काय बोलायचे आठवतं? "आला का गं फादर? नाही ना? बघ, असे हे आजकालचे फादर! आजारी माणसाकडे यायला वेळ नाही, गिटार वाजवायला आहे." तू पंख्याकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, तुला वाईट वाटतंय. तुझ्या टेबलावर मेणबत्तीचा तुकडा आणि पांढरा रुमाल बघून मी जसिंतावर संशय घेतला होता. वाटलं, ही प्रार्थनागटातल्या बायका घरी आणून आरडाओरडा करते. तिला तसं बोलूनही दाखवलं. ती बिचारी काही बोलली नाही. सिल्वू काही बोलला नाही. घरातल्या पोरांना पण माहीत होतं! तेवढं माझ्यापुरतं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

हे कुलूप कुणी लावलं, हे मी फिलूला विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "तीच बोलली. रेजूना सांगू नको. ती येल, फादरशी भांडंल, मंग तू बी येशील नाय, नि मी तशीच मरेन."

तू मला घाबरलीस, माय? तू? जिने मला आंब्याखाली थोबाडीत दिली ती?

काल रात्रभर मी तुला गुन्हेगार ठरवायचा प्रयत्न करत होते. म्हटलं, औषधांनी तुझं डोकं चालत नसेल. मग म्हटलं, जसिंताने जबरदस्ती केली असेल. पण डोकं चालत नसलेली बाई हाताचा वास घेऊन लिंबू लावायला लावत नाही. तू चांगली शुद्धीत होतीस. तुला भूक लागली होती, आणि ती भागवायला जो हात आला तो तू धुवून घेतलास. हे मला सांगायची मात्र तुझी हिंमत झाली नाही. आणि सकाळपासून मनात नवीच पाल चुकचुकते आहे. माझी शर्ली फोनवर नेहमी "हो मम्मी, हो मम्मी" करते, ती काय काय लपवत असेल माझ्यापासून?

असं समजू नकोस की मी बदलले. कठडा काढला ते चूकच. आजारी माणसाकडे फादरनी स्वतः एकदा तरी यायला हवं होतं, ते मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, पायाचं प्लॅस्टर उतरलं की. त्या पडद्याबद्दलही माझं मत आहे तेच आहे. आणि हात पुढे करणं मला या जन्मी जमणार नाही. ते तू पण केलं नाहीस, फिलूने शपथेवर सांगितलं. तेवढ्यासाठी तरी तुझे आभार मानते.

पण जे तुला चाललं ते मला का चालू नये, याचं उत्तर मला सापडत नाही. तुझ्यापेक्षा जास्त कॅथलिक व्हायला मी कोण?

म्हणून तुला वचन देते. येत्या रविवारी मी खांबामागून वळसा घालणार नाही. फिलूच्या रांगेत उभी राहीन. तिच्यासमोर, त्या गुळगुळीत टाइल्सवर, गुडघे टेकेन. धरायला काही नाही, तेव्हा उठवायला दोन माणसं लागतील आणि मागची रांग खोळंबेल. खोळंबू दे. फिलूला वाकून जिभेवर द्यावं लागेल. हाताला लिंबू लावून ये, हे तिला मी आजच फोन करून सांगितलंय. ती हसली नाही, बरं का. "हो" म्हणाली.

तू डोळे मिटून घ्यायचीस की उघडे ठेवून, हे तिला विचारायचं राहिलं. मिटून घेतले की हात कुणाचा आहे ते दिसत नाही. मी मात्र उघडे ठेवीन.

तुझी, जिला तू सांगू शकली असतीस ती,
रेजू