हिराबाईचा फोटो आणि तुझा

मसोली, डहाणू रोड
१० मार्च २०१९

प्रिय मुक्ता,

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. आईची तब्येत ठणठणीत आहे, माझीही. फोनवर तू "बाबा, जेवलात का" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि तेवढ्यात तुझ्या कॉलेजची घंटा होते. आज मला बरंच सांगायचंय आणि मधे कुणी बोललेलं नकोय, म्हणून कागद घेऊन बसलोय. तर पहिली बातमी ही की मी कॅमेरा घेतला. जुनाच आहे, पण भिंग बदलता येणारा, चांगला वजनदार. रेल्वेच्या बुकिंगच्या खिडकीत बत्तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावर पाच महिने घरात बसलो, आणि सहाव्या महिन्यात आईनं सांगून टाकलं की एक तर तुम्ही काहीतरी शिका, नाहीतर मी चिंचणीला माहेरी जाते. जन्मभर जाळीतून माणसांचे चेहरेच बघितले, तेव्हा म्हटलं, चेहरेच टिपावेत.

फोटो म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे मला. पाच वर्षांत तुझा एकही फोटो या घरात आलेला नाही. मे महिन्यात मनिषशी लग्न करणार हे सांगतानाही तू बजावलंस, नोंदणीला लागतील तेवढे पासपोर्ट फोटो, बाकी कॅमेरा घेऊन कुणीही यायचं नाही. आईनं ते मान्य केलं. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एकच घोळतंय, तुझा एक फोटो मला काढू देशील का? तोंडानं विचारायची हिंमत होत नाही. का होत नाही, ते पुढं लिहितो. आधी जे शिकलो ते सांगतो, कारण तू फिजिक्स शिकवतेस आणि माझ्या शंकांचा गठ्ठा तुझ्याशिवाय कुणी सोडवणार नाही.

मला शिकवतो कोण, हे सांगितलं तर पत्र फाडशील. सुदर्शन. हो, तोच, स्टेशनसमोरचा फोटोवाला, ज्याचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. रागाव, पण वाचत राहा.

भिंगाच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं, इतपत मी चार दिवसांत शिकलो. पण त्याचे आकडे उलटे! एक पॉइंट आठ म्हणजे भोक मोठं आणि आठ म्हणजे लहान. सुदर्शन म्हणतो, तो भागाकार आहे काका, घोकून टाका. मला घोकायचं नाही, समजून घ्यायचंय. मोठं भोक ठेवलं की माणूस स्पष्ट येतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुळावलोच. आई तांदूळ निवडत बसली होती, अगदी जवळ जाऊन एक पॉइंट आठवर तिचा फोटो काढला. एक डोळा असा की पापण्या मोजाव्यात, आणि दुसरा धुरकट. आई म्हणाली, "मोतीबिंदू मला झालाय की तुमच्या कॅमेऱ्याला?" मग चारवर गेलो. दोन्ही डोळे आले, पण ती बोलता बोलता मान हलवणार, त्यामुळे चेहरा फराटा मारल्यासारखा. शटर होतं सेकंदाच्या साठाव्या भागावर, ते दोनशेव्या भागावर नेलं तेव्हा कुठं आई हाती लागली. शटरचा वेग वाढवला की उजेड कमी पडतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा, तो वाढवला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो, अगदी लग्नघर आहे ते.

नोव्हेंबरपासून इथं भूकंपाचे धक्के बसतायत, पेपरात वाचलं असशील. आपल्याकडं फळीवरची भांडी वाजतात, पण तलासरीकडच्या पाड्यांवर भिंतींना तडे गेलेत, लोक अंगणात झोपतात. हिराबाई आठवते ना, भाजीची पाटी घेऊन गाडीला यायची, तुला पानाच्या द्रोणात करवंदं द्यायची? तिला माझ्या कॅमेऱ्याची बातमी लागली. म्हणाली, "भाऊ, माझा फोटो काढ, घरापुढं." मी त्यातला फोटो तेवढा ऐकला. रविवारी तिच्या पाड्यावर गेलो, तिला अंगणात उभं केलं आणि माझा लाडका एक पॉइंट आठ लावून फोटो काढला. काय फोटो आला म्हणून सांगू! चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती, आणि मागं नुसता मऊ तपकिरी धूर. मोठ्या आकारात छापून घेतला आणि पुढच्या रविवारी ऐटीत तिच्या हातात ठेवला. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "अन माझा घर कठं गेला?"

तिला फोटो हवा होता नुकसानीच्या अर्जाला लावायला. भिंतीचा तडा दिसायला हवा होता, आणि मी त्या तड्याचा धूर करून मोकळा झालो होतो. शिवाय तिचे पाय मी कापले होते, तेही तिला खटकलं. कमरेपर्यंतचा फोटो मेलेल्या माणसाचा असतो, हार घालायला, असं तिचं म्हणणं. मी इतका ओशाळलो की विचारू नकोस. भोक आठवर आणलं, चार पावलं मागं सरलो आणि विचारलं, हिराबाई, काय काय यायला हवं ते तूच सांग. ती दारापाशी गेली, पाय जुळवून उभी राहिली आणि हात तड्यावर ठेवला. हा फोटो पहिल्याइतका सुरेख नाही, पण तो तिचा आहे.

अर्जाचं काम झाल्यावर तिला म्हटलं, आता एक माझ्या हौसेसाठी, नुसता चेहरा. अंधाऱ्या दारात बसवलं, अंगावर गडद निळं लुगडं. फोटो आला तो राख फासल्यासारखा. रंग तिचा नव्हेच. शटर, भोक, सगळं कॅमेऱ्यानं सांगितलं तसंच ठेवलं होतं, तरी असं का? सुदर्शननं समजावलं, कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं असावं असं वाटतं. समोर गडद चेहरा, गडद लुगडं, गडद दार आलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो आपल्या मनानं उजळ करून टाकतो. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हे असंच आहे. त्यासाठी एक पट्टी असते, शून्याच्या एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. पुन्हा पाड्यावर गेलो आणि उणे एकवर फोटो काढला. पिकल्या जांभळासारखी तिची कांती जशीच्या तशी आली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं बघितलं, "हां. ही मी," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मुक्ता, ही मधली राखाडी कुणी ठरवली असेल? त्यांच्यासमोर तेव्हा कोण बसलं होतं? याचं उत्तर मला खरोखर हवंय.

तिचा तो फोटो बघताना मला तुझा जुना फोटो आठवला. आता ते लिहितो ज्यासाठी हे पत्र आहे. २०१४ मध्ये स्थळांना पाठवायला सुदर्शनकडं तुझा फोटो काढला. तो हातात धरून, तुला बघायला आलेल्या वापीच्या त्या बाईंनी तुझ्याकडं बघितलं आणि चारचौघांत विचारलं, "ही मुलगी कोण, आणि फोटोतली कुठंय?" तू तडक त्याच्या दुकानात गेलीस आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोललीस. महिन्याभरात नोकरी धरून नाशिकला गेलीस. तुला वाटलं, त्यानं तुझा रंग बदलला. त्यानं बदलला नव्हता गं. तू आणि आई पुढं रिक्षा बघायला गेलात, तेव्हा मी त्याच्या कॉम्प्युटरजवळ उभा होतो. फोटो अगदी तुझ्यासारखा होता. मी म्हणालो, जरा उजळ करा. त्यानं केला. मी म्हणालो, अजून. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, मग ही मुक्ता राहणार नाही." मी म्हणालो, तुम्ही करा. आणि तू त्याला बोलत होतीस तेव्हा मी तुझ्या मागं, पायरीवर होतो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी गप्प राहिलो. पाच वर्षं गप्प राहिलो. मला माझी लाज वाटते.

कॅमेरा घेऊन मी त्याच्याकडं गेलो तो शिकायच्या निमित्तानं, खरं म्हणजे माफी मागायला. तो म्हणाला, "मला नको काका, तिला सांगा," आणि माझ्या हातातला कॅमेरा घेऊन शिकवायला लागला. काल त्यानं जुन्या डिस्क शोधून तुझा मूळ फोटो छापून दिला, कुठंही हात न लावलेला, पूर्ण चौकटीचा. सोबत पाठवतोय. तुझ्यावर उजेड पडावा म्हणून त्यानं मला कडेला थर्माकोलचा तुकडा धरून उभं केलं होतं. नंतर ती कड कापली, म्हणून तू हे कधी बघितलेलं नाहीस. त्या थर्माकोलच्या मागून मी तुझ्याकडं बघतोय. माझा चेहरा नीट बघ. इतका खूश मी कुठल्याच फोटोत नाही. त्यानंतर दहा मिनिटांत मी लोकांना भ्यालो.

तुझाच,
बाबा